मूत्रपिंडाशिवाय युरिया

सजीवांच्या शरीरातले पदार्थ प्राणशक्तीशिवाय घडत नाहीत, असं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बर्झेलियससारखा मोठा रसायनज्ञही मानत होता. १८२८ मध्ये त्याचाच शिष्य फ्रीडरिख व्होलर बर्लिनमध्ये अमोनियम सायनेट करायला गेला आणि हाती आला युरिया, म्हणजे लघवीतला पदार्थ! माणसाचं मूत्रपिंड लागलं नाही की कुत्र्याचं, असं त्याने गुरूंना कळवलं.

पाठ्यपुस्तकं इथेच टाळ्या वाजवतात. आम्हाला मात्र त्याच पत्रातली शंका जास्त मोलाची वाटते. हे सायनेट मुळात प्राण्यांच्या अवशेषांपासूनच मिळवलेलं. मग प्राणशक्ती तिथूनच आली, असं कुणी म्हटलं तर? ही वाट बंद झाली १८४५ मध्ये. कोल्बेने कार्बन, गंधक अशा मूलद्रव्यांपासून सुरुवात करून व्हिनेगरमधलं आम्ल बनवलं.

पण आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचं कोडं वेगळंच. अमोनियम सायनेट घ्या की युरिया: कार्बन १, ऑक्सिजन १, नायट्रोजन २, हायड्रोजन ४. अणू तेच, जुळणी निराळी, आणि पदार्थही निराळा! बर्झेलियसनेच १८३० मध्ये या प्रकाराला ‘आयसोमेरिझम’ हे नाव दिलं. मग युरियाचं युरियापण कशात, द्रव्यात की मांडणीत? ॲरिस्टॉटलने हाच प्रश्न कांस्याच्या पुतळ्याबद्दल विचारला होता. पुढच्या वेळी त्याच्याकडे वळू.