पहिलं अक्षर सांगा

डॉसच्या काळात फाइलीला मालकच नव्हता. यंत्रापुढे जो बसेल, फाइल त्याची. ‘अ‍ॅट्रिब’ कमांडने ती लपवता यायची, पण पुढचा माणूस त्याच कमांडने ती उघडी करी. अमरावतीत राजकमल चौकाजवळच्या दुकानात मी दुरुस्तीला बसायचो, तेव्हा एकाच काँप्युटरवर दिवसा लग्नपत्रिका लागत, संध्याकाळी अडत्याचा मुनीम हिशेब लिही आणि रात्री कुणा प्राध्यापकाचा प्रबंध टाइप होई. जागा हवी म्हणून एकाने दुसऱ्याच्या फाइली उडवणं रोजचंच.

त्या परत मिळत, आणि त्यामागची रचना मला आजही सुंदर वाटते. डॉस मजकूर पुसतच नसे. यादीतल्या नावाच्या पहिल्या अक्षराजागी २२९ हा आकडा ठेवी आणि एफएटी नावाच्या तक्त्यात फाइलीच्या जागा मोकळ्या दाखवी. पीटर नॉर्टन यांनी हे हेरून १९८२ मध्ये ‘अनइरेज’ आणलं. १९९१ च्या डॉस ५ मध्ये ‘अनडिलीट’ आयतंच मिळालं. पडद्यावर प्रश्नचिन्ह आणि नावाची उरलेली अक्षरं येत, आणि डॉस पहिलं अक्षर विचारी. पत्रिकावाला मागून ओरडे, “पी हाणा, पी!” फाइल विखुरलेली असली तर मात्र पहिला सलग भागच हाती लागे. आणि मोकळ्या दाखवलेल्या जागेवर नवं काही लिहिलं, की जुना मजकूर गेलाच. म्हणून गिऱ्हाइकाला पहिली ताकीद हीच असायची, की आता या डिस्कवर काही सेव्ह करू नका.

२६ एप्रिल १९९९, सोमवार, ऐन लग्नसराई. त्या दिवशी सीआयएच व्हायरसने हार्ड डिस्कचा सुरुवातीचा १ एमबी भाग शून्यांनी भरला. एफएटी ३२ च्या मोठ्या डिस्कवर तक्त्याची दुसरी प्रत त्यापलीकडे असे, तिच्यावरून सगळं उभं करता आलं. लहान डिस्कवर दोन्ही प्रती गेल्या. तिथे मजकूर सेक्टर-सेक्टर चाळावा लागे, आणि मराठी मजकूर तर निव्वळ रोमन अक्षरांचा काला दिसे, कारण तेव्हाचे फाँट रोमन अक्षरांच्या जागीच आपले आकार बसवत. ‘चि.’ आणि ‘सौ. कां.’ त्या काल्यात कसे दिसतात, हे डीटीपीच्या पोरांना तोंडपाठ होतं. त्यांच्याशिवाय त्या पत्रिका सापडल्या नसत्या.

२००१ मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि एनटीएफएसमुळे घरच्या फाइलीलाही मालक मिळाला. पण हा मालक म्हणजे माणूस नव्हे, एक लांबलचक क्रमांक. विंडोज नव्याने टाकलं की त्याच नावाच्या माणसाला नवा क्रमांक मिळे आणि जुना खाजगी फोल्डर त्याला दारात उभं करीना. अकोल्यात रतनलाल प्लॉटमधल्या एक बाई म्हणाल्या, “फोटो माह्या पोराचे, अन् हा डबा मलेच नाही म्हनते, काहून जी?” होम आवृत्तीत सेफ मोडमध्ये जाऊन ‘सिक्युरिटी’त मालक बदलला की फोटो उघडत. घरात एकच काँप्युटर, सगळ्यांचा. त्या घरांना हा बदल कुणी समजावून सांगितला नाही, याचा मला राग येतो.

प्रोफेशनल आवृत्तीतलं कुलूप त्याहून पक्कं होतं. तिथे फाइल एन्क्रिप्ट केलेली असली आणि किल्ली फॉरमॅटमध्ये गेली, तर मालकी बदलूनही उपयोग नसे. त्यामुळे एक्सपी फॉरमॅट करण्याआधी मी हिरव्या अक्षरांतली फाइलनावं शोधत असे. एन्क्रिप्ट केलेल्या फाइली एक्सपी हिरव्या दाखवी. तशी दिसली की आधी किल्लीचं सर्टिफिकेट फ्लॉपीवर उतरवायचं, मग पुढचं काम.