हिंगोलीच्या बाजारातला हरिसिंग

मंडळी, गुप्त मंडळाची गोष्ट कुणाला आवडत नाही? रात्रीची वेळ, अंधारं तळघर, भिंतीवर कोरलेली खूण, ती खूण ओळखणारा एक हुशार प्रोफेसर आणि त्याच्या मागावर असलेला मारेकरी. एवढी सामग्री जमली की वाचणारा पुस्तक खाली ठेवत नाही. 2009 साली अमेरिकेत डॅन ब्राउन या लेखकाची 'द लॉस्ट सिंबल' ही कादंबरी निघाली. तिच्यात हीच सामग्री आहे. वॉशिंग्टन शहर, तिथल्या मोठमोठ्या इमारती, आणि फ्रीमेसन लोकांनी तिथे दडवून ठेवलेलं गुपित.

हे फ्रीमेसन म्हणजे कोण? मेसन म्हणजे गवंडी, पाथरवट. विलायतेत पूर्वी देवळं बांधणाऱ्या पाथरवटांचे संघ असत. पुढे त्यांच्या नावाने आणि त्यांच्या धर्तीवर शिकल्या-सवरल्या, प्रतिष्ठित लोकांची बंधुमंडळं निघाली. 1717 साली लंडनला त्यांची मोठी संस्था झाली. आपल्या गवंड्याजवळ गुण्या आणि ओळंबा असतो ना, तसा गुण्या आणि कर्कटक ही त्यांची खूण. आत शिरताना शपथ, एकमेकांना ओळखायला ठरलेला हस्तस्पर्श, ठरलेले शब्द. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन या मंडळाचा सभासद होता, ही गोष्ट खरी. पण 18 सप्टेंबर 1793 रोजी त्याने तिथल्या संसदभवनाची कोनशिला बसवली ती भर दिवसा, मिरवणुकीने, चारचौघांदेखत. मंडळाच्या विधीप्रमाणे बसवली, एवढंच. आपल्या मुंबईतही 1843 साली 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाची शाखा निघाली. हिंदी माणसांना या बंधुमंडळाचं दार उघडावं, म्हणूनच ती काढली होती. बंद दाराआड काय चालतं ते कळेना, म्हणून आपल्या देशातले लोक अशा इमारतीला 'जादूघर' म्हणत. दार बंद असलं की माणसाची कल्पना आत शिरते, ती अशी!

आता तुम्ही म्हणाल, वॉशिंग्टनची ही कथा आम्हाला कशाला? सांगतो. गुप्त मंडळ, सांकेतिक खुणा आणि खून यांवर रचलेली अशीच एक गाजलेली इंग्रजी कादंबरी आपल्या हिंगोलीशी जोडलेली आहे. ती ब्राउनसाहेबांच्या आधी 170 वर्षं, म्हणजे 1839 साली, लंडनला तीन भागांत छापून निघाली. नाव 'कन्फेशन्स ऑफ अ ठग', म्हणजे एका ठगाचा कबुलीजबाब. लेखक फिलिप मेडोज टेलर, निजामाच्या फौजेतला इंग्रज अधिकारी. पुढे हा गृहस्थ नळदुर्गच्या किल्ल्यात राहिला, आणि तुळजापूर व अफझलखान यांवर 'तारा' ही कादंबरीही त्याने लिहिली. मराठवाडा त्याने घोड्यावरून पाहिलेला होता, हे पानोपानी जाणवतं.

कादंबरीचा नायक अमीर अली हा ठग तुरुंगात बसून साहेबाला आपली कहाणी सांगतो. 719 माणसं मारण्यात आपला हात होता, असा त्याचा हिशेब. वाटेवर प्रवाशांशी गोड बोलून सलगी करायची, दोन-चार मुक्काम सोबत चालायचं, एके रात्री म्होरक्याने ठरलेला शब्द उच्चारला की रुमालाचा फास टाकायचा, आणि आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात प्रेत पुरायचं. भवानीची आण, पुजलेली कुदळ, आणि तो मंतरलेला गूळ! हा गूळ एकदा जिभेला लागला की माणूस जन्माचा ठग, अशी समजूत. याखेरीज त्यांची एक वेगळी भाषा. स्लीमन या कंपनीच्या अधिकाऱ्याने 1836 साली कलकत्त्याला तिचा कोशच छापला. त्यात अनोळखी ठगांनी एकमेकांना ओळखायची रीतही आहे: हिंदू असेल तर 'औले भाई, राम राम', मुसलमान असेल तर 'औले खान, सलाम'. फ्रीमेसनच्या हस्तस्पर्शाचीच ही आपल्याकडची तऱ्हा म्हणा.

कादंबरी इथवर रंगते. पण मला सांगायचं आहे ते कादंबरीतलं नव्हे. ते तिच्या प्रस्तावनेत आहे, आणि तिथे टेलर गोष्ट रचत नाही, पाहिलेलं सांगतो.

हिंगोलीला तेव्हा निजामाच्या कंटिन्जंट फौजेची छावणी होती. 1903 पर्यंत ती होती. छावणी म्हटली की बाजार आला, कापडचोपड आलं, उधारी आली. त्या बाजारात हरिसिंग नावाचा एक व्यापारी होता. वजनदार, अब्रूदार असामी. टेलर स्वतः त्याच्याशी देवघेव केल्याचं लिहितो. एकदा हा हरिसिंग जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे गेला आणि म्हणाला, मुंबईहून माझं कापड यायचं आहे, परवाना द्या. परवाना मिळाला. कापड खरोखरच मुंबईहून निघालेलं होतं, पण दुसऱ्याच व्यापाऱ्याचं. हा व्यापारी हिंगोलीजवळच्या एका गावचा. हरिसिंगाने त्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना वाटेत मारलं, माल सरकारी परवान्यावर हिंगोलीत आणला आणि छावणीच्या बाजारात उघड विकला. कुणाला संशय आला नाही. पकडल्यावर त्याने स्वतःच कबूल केलं, तेही मोठी गंमत केल्यासारखं. खुद्द बाजारात, मुख्य पहाऱ्यापासून शंभर यार्डांच्या आत, त्याच्या टोळीने कित्येक माणसं मारली होती, आणि शिपायांच्या पहाऱ्याच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर पुरली होती. माफीचे साक्षीदार एकेक जागा शांतपणे दाखवीत गेले आणि खड्डे उकरले गेले, तेव्हा टेलर तिथे उभा होता.

आता नीट पाहा. या साऱ्या प्रकारात गुप्त खूण कुठे आहे? हरिसिंगाला झाकलं ते कुदळीने नाही, मंतरलेल्या गुळानेही नाही. त्याला झाकलं सरकारी शिक्क्याच्या कागदाने आणि गल्ल्यावर बसून मिळवलेल्या पतीने. टेलर आणखीही एक गोष्ट लिहून जातो. जमीनदार आणि गावोगावचे वतनदार पाटील यांचं ठगांशी पिढ्यान्‌पिढ्या साटंलोटं होतं. लुटीचा वाटा घ्यायचा आणि आसरा द्यायचा. त्यातच 1818 साली पेशवाई बुडाली, पेंढारी मोडले, हजारो हत्यारी हात रिकामे झाले. रस्ते ओस, राज्यं अनेक. खून एका हद्दीत, मेलेला दुसऱ्या हद्दीतला, मारणारा तिसरीतला. चौकशी कुणी करायची? घरची माणसं वाट पाहत राहायची. वाघाने खाल्लं असेल, तापाने गेला असेल, असं म्हणायची.

पण हे सारं रुक्ष पडतं. परवाना, वाटा, हद्दीचा घोळ यांवर कादंबरी खपत नाही. भवानी, रुमाल आणि गुप्त भाषा यांवर खपते. बरं, हे रहस्य कादंबरीपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. ते कायद्यात शिरलं. 1836 च्या 30 व्या कायद्याने, अमुक खून केला हे सिद्ध झालं नाही तरी चालेल, ठगांच्या टोळीत होता एवढं ठरलं की जन्मठेप, असं केलं. आणि ते ठरवायचं बहुतेक माफीच्या साक्षीदारांच्या तोंडावरून, ज्यांची स्वतःची मान त्या साक्षीवर वाचत होती. 1831 ते 1837 या काळात चारशेवर माणसं फाशी गेली, हजारावर समुद्रापार धाडली गेली. त्यांत खरे मारेकरी होते यात शंका नको. हिंगोलीचे खड्डे खोटे नव्हते. पण त्यांत सगळेच मारेकरी होते का, आणि भवानीचा एकच देशव्यापी पंथ खरोखर होता का, यावर इतिहासकार आजही भांडतात. माझ्यापुरतं म्हणाल तर टोळ्या होत्या यावर माझा विश्वास आहे, पंथावर नाही.

ठगीच्या खटल्यांतून सरकारदरबारी एक समजूत मुरली. सुताराचा मुलगा सुतार, कोष्ट्याचा मुलगा कोष्टी, तसा चोराचा मुलगा चोर, आणि त्यांची एक जातच असते. 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, तो याच समजुतीवर. आधी उत्तर हिंदुस्थानात, मग 1911 पासून सगळ्या इंग्रजी मुलखात. पारधी, कैकाडी, भामटा अशा जमातींच्या माणसांनी पोलिसांत हजेरी लावायची, परवान्यावाचून गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणात त्यांची वसाहतच केली. परवान्याचा खेळ बघा: हरिसिंगाला तो मागताच मिळाला, आणि यांना शेजारच्या गावी मयतीला जायचं तरी परवाना हवा! हा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला देशभर उठला. त्या समाजांत तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. कायदा उठला तरी गावात चोरी झाली की पोलीस आधी कोणत्या पालांकडे वळतात, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलेलं आहे. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' 1987 साली निघालं. ते आपल्या लातूर भागातलंच. शाळेच्या कपाटात असेल तर शिक्षकांनी ते आणि टेलरची प्रस्तावना शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. एकाने त्या लोकांविषयी लिहिलं, दुसऱ्याने त्यांच्यात राहून.

आणि वाचताना आणखी एक पाहा. अमीर अलीच्या 719 बळींची मोजदाद कादंबरीत आहे. हरिसिंगाचं नाव आहे, परवाना देणाऱ्या साहेबाचं आहे. ज्याचं कापड लुटलं गेलं त्या हिंगोलीजवळच्या व्यापाऱ्याचं नाव मात्र त्या प्रस्तावनेत दिलेलं नाही, त्याच्या गावाचंही नाही, आणि बैल हाकणारे तर नुसतेच 'बैल हाकणारे' आहेत.