चीक फेकण्याचा इतिहास

लोहाऱ्याच्या वर्गात विचारून पाहा, खरवस कशाचा? निम्मी मुलं सांगतील, म्हैस व्याली की पहिल्या चिकाचा. मग बाईच्या चिकाचं काय? तो पिळून टाकायचा आणि बाळाला दोन-तीन दिवस मध नाहीतर गुळाचं पाणी चाटवायचं, असा रिवाज कित्येक घरांत होता.

सुश्रुतसंहिता म्हणते, हृदयातल्या धमन्या उघडल्या की तिसऱ्या-चौथ्या रात्री दूध येतं. तोवर मध-तूप द्यावं. निरीक्षण खोटं नव्हतं. भरपूर दूध उतरतं ते तेव्हाच. आधीचे पिवळसर, चिकट थेंब मात्र दुधात धरले गेले नाहीत. चरकसंहिता मध-तुपानंतर लगेच उजवा स्तन द्यायला सांगते. रूढी तिकडे वळली नाही. (रोममधला वैद्य सोरेनस तर वीस दिवस थांबा म्हणत होता!)

1892 मध्ये जर्मनीत पॉल एर्लिशने उंदरांची पिल्लं अदलाबदल केली. विषाला प्रतिकार करणाऱ्या मादीचं दूध प्यालेली परकी पिल्लंही त्या विषाला पुरून उरली. संरक्षण दुधातून जात होतं, आणि चिकात ते सर्वांत दाट असतं. पहिल्या दिवशी तो येतो जेमतेम काही चमचे. नवजाताच्या पोटाला तेवढा पुरतो, पण आजीला ते पटवणं अवघड. उलट मधातून बॉट्युलिझमचे बीजाणू जाऊ शकतात, म्हणून वर्षाच्या आत तो देत नाहीत.

डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1992 चा; तो 1 ऑगस्ट 1993 पासून लागू झाला.