हर्फ़, रक्कम आणि आलेखातली गडचिरोली

गडचिरोली जिल्ह्यात बारा तालुके आहेत. त्यांची नावे देवनागरीत आलेखाखाली लिहायला मॅटप्लॉटलिबला साध्या मार्गाने सांगितले, तर तिच्या पहिल्या वीस वर्षांत सात नावे नीट उमटली आणि पाच मोडली. धानोरा, आरमोरी, कुरखेडा, देसाईगंज, मुलचेरा, अहेरी, भामरागड सुखरूप. गडचिरोलीतल्या ‘चि’ची वेलांटी मात्र ‘च’ सोडून पुढच्या ‘र’ला चिकटायची. सिरोंचाचीही तीच गत. चामोर्शी आणि कोर्ची यांचा रफार डोक्यावरून उतरून पाय मोडलेला ‘र’ होऊन सुटा उभा राहायचा. एटापल्लीतला ‘ल्ल’ फुटायचा. शेजारच्या चंद्रपूरचा ‘द्र’सुद्धा. आणि यादी उर्दूत दिली तर बारापैकी एकही नाव वाचता येत नसे, कारण अक्षरे सुटी आणि क्रम उलटा, डावीकडून उजवीकडे.

मी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून हा प्रश्न मला किरकोळ वाटत नाही. पण तो इतकी वर्षे का राहिला याचे उत्तर शोधताना जो इतिहास हाती आला, तो मला तक्रारीपेक्षा मोठा वाटला.

मॅटप्लॉटलिब ही पायथन या संगणकभाषेतली आलेख काढण्याची लायब्ररी. मुक्त, फुकट, कुणीही बदलावी अशी. जगभरचे शास्त्रज्ञ ती वापरतात. ती सुरू केली जॉन हंटर यांनी. शिकागोत ते अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युत्संकेत अभ्यासत होते. त्यासाठीच्या विकतच्या सॉफ्टवेअरचा परवाना प्रयोगशाळेकडे एकच, आणि त्याची छोटी चावी सगळे आळीपाळीने वापरत. या अडचणीतून २००३च्या सुमारास ही लायब्ररी उभी राहिली. हंटर इंग्रजीत काम करत होते. रोमन लिपीत प्रत्येक अक्षराचा ठोकळा ठरलेला असतो, एकापुढे एक मांडला की शब्द होतो. त्यांनी तेच केले. त्या घडीला त्यांच्यासमोर रफार नव्हता, नस्तालिक़ही नव्हती.

२८ ऑगस्ट २०१२ रोजी कर्करोगावरच्या उपचारातल्या गुंतागुंतीने हंटर गेले. वय ४४. धनी गेल्यावर दुकान बंद पडते, तसे इथे झाले नाही. मायकेल ड्रोएटबूम आणि पुढे थॉमस कॅसवेल यांनी सूत्रे घेतली. पण सूत्रे म्हणजे हुकूम नव्हे. वेगवेगळ्या देशांतले लोक, बरेचसे बिनपगारी, आणि प्रत्येक बदलामागे लाखो लोकांचे चालू काम. म्हणून त्यांचा नियम असा की एखादी जुनी सोय काढायची तर आधी इशारा द्यायचा, निदान दोन आवृत्त्या ती चालू ठेवायची, मग काढायची.

या नियमाची मोठी परीक्षा रंगांनी घेतली. आकड्यांना रंग देण्याची जुनी पद्धत ‘जेट’ नावाची, निळ्यापासून लालपर्यंत. तिच्यात पिवळा आणि आकाशी पट्टा उगाच उजळ दिसतो. गडचिरोलीच्या जंगलाची घनता त्या रंगांत दाखवली, तर जंगलात नसलेल्या सीमारेषा नकाशात दिसतील. लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्यांची अडचण वेगळीच. स्टेफान व्हान डर वॉल्ट आणि नॅथानिएल स्मिथ यांनी ‘विरिडिस’ हा नवा रंगपट्टा तयार करून २०१५मध्ये मांडला. पण तो मध्येच घुसवला नाही. मुळातले रंग आणि रेघा बदलायच्या तर एकदाच, एका मोठ्या आकड्याखाली, असे ठरले आणि जानेवारी २०१७मध्ये २.० आवृत्ती आली. ज्यांना जुने रूप हवे होते त्यांच्यासाठी ‘क्लासिक’ नावाने ते राखून ठेवले. घर रंगवताना जुना रंग डब्यात ठेवून देणारे मला फार कमी भेटलेत.

मग अक्षरांचे काय?

इथे अडचण निराळी होती. मॅटप्लॉटलिब आपली तपासणी चित्रांनी करते. मान्य झालेली चित्रे जपून ठेवलेली असतात, त्यांची संख्या हजारांच्या घरात, आणि नव्या बदलानंतर निघालेले चित्र त्यांच्याशी ताडून पाहिले जाते. अनेक चित्रांत अक्षरे असतात, निदान अक्षावरचे आकडे. अक्षर काढणारे साधन म्हणजे फ्रीटाइप. त्याची आवृत्ती बदलली की अक्षर केसभर सरकते आणि चित्रामागून चित्र नापास होते. म्हणून तपासणीसाठी २०१५ची २.६.१ ही आवृत्ती वर्षानुवर्षे तशीच खिळवून ठेवली गेली. आमचा रफार एका ‘४’च्या शेपटीला अडकला होता, असे म्हणायला हरकत नाही.

फॉन्ट नव्हते असेही नाही. रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी सांभाळलेले ‘लोहित’ मुक्त होते. वेलांटी कुठे बसवायची, ‘ल्ल’ कसा जोडायचा, याचे नियम फॉन्टच्या पोटातच असतात. ते वाचणारे साधन मध्ये नव्हते. उर्दूसाठी लोकांनी युक्ती काढली. युनिकोडमध्ये अरबी अक्षरांची आरंभीची, मधली, शेवटची रूपे वेगळी नोंदलेली आहेत. ती आधीच निवडायची आणि ओळ उलटी करून द्यायची. त्यातून नस्तालिक़ मिळत नाही, पण शब्द वाचता येतो. मराठीला ही पळवाटही नाही. अर्ध्या अक्षरांना आणि जोडाक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नाहीत.

या लिप्यांच्या मांडणीला तंत्रज्ञांच्या भाषेत ‘गुंतागुंतीची’ म्हणतात. पहिलीतली पोरे ती वाचतात, हे जाता जाता.

उपाय आला तो दोन नावांमधून, आणि उर्दू शिकवणाऱ्याने ही नावे सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये. फॉन्टमधले नियम वाचणारे साधन ‘हार्फबझ’, इराणच्या बेहदाद एस्फाहबोद यांचे. फ़ारसीत हर्फ़ म्हणजे अक्षर, बाज़ म्हणजे उघडे, म्हणजेच ‘ओपनटाइप’चे सरळ भाषांतर. दग़ाबाज़मधला बाज़ वेगळा. दुसरे ‘रक़्म’, ख़ालिद होस्नी यांचे, जे हार्फबझ आणि उलट-सुलट ओळींचा हिशेब यांची मोट बांधते. अरबीत रक़्म म्हणजे आकडा आणि लेखनही. उर्दूत ‘रक़म करना’ म्हणजे लिहिणे. मराठीत तिची रक्कम झाली आणि लेखन गळून फक्त पैसा उरला.

हे साधन मॅटप्लॉटलिबमध्ये बसवायचे, फ्रीटाइपही नवे घ्यायचे आणि चित्रे पुन्हा काढायची, तर ते रोजच्या कामात मिसळणे शक्य नव्हते. म्हणून अक्षरांचे सगळे बदल एका वेगळ्या शाखेत गोळा करण्यात आले आणि ३.११ या आवृत्तीसाठी एकत्र राखले गेले. चित्रे दर वेळी बदलण्यापेक्षा एकदाच बदलावीत, हा विचार. रंगांच्या वेळचाच.

फरक एकच. जेटचा दोष निर्णय घेणाऱ्यांना रोज डोळ्यांनी दिसत होता. मोडलेली चामोर्शी त्यांना मोडलेली दिसत नाही, ती सांगावी लागते. मी याला दुजाभाव म्हणणार नाही. पण वीस वर्षांत या दोन जिल्ह्यांवरचे कितीतरी आलेख केवळ अक्षरे फुटतात म्हणून रोमन लिपीत निघाले असतील, आणि ते ज्यांच्याविषयी होते त्यांतल्या अनेकांना वाचता आले नसतील.

शिवाय ताडणीचे यंत्र दोन चित्रे सारखी आहेत एवढेच सांगते. जपून ठेवलेल्या मूळ चित्रात ‘कोर्ची’ बरोबर लिहिली आहे का, नस्तालिक़मधला नुक़्ता जागेवर आहे का, हे ती लिपी येणाऱ्याने बघूनच सांगावे लागते. बारा तालुक्यांची यादी मी दोन्ही लिप्यांत करून ठेवली आहे. नव्या आवृत्तीवर ती एकेक नाव करून तपासायची आहे.