पाणबुड्यांची दलाली आणि माझगाव गोदी

शस्त्रखरेदीतील दलालीचा विषय निघाला की बोफोर्सचे नाव प्रथम येते. त्याच्या आठवडाभर आधी गाजलेल्या आणि मुंबईशी थेट निगडित असलेल्या पाणबुडी व्यवहाराकडे मात्र तुलनेने दुर्लक्ष झाले आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

डिसेंबर १९८१ मध्ये भारत सरकारने पश्चिम जर्मनीतील एच.डी.डब्ल्यू. कंपनीशी चार पाणबुड्यांचा करार केला. दोन कील येथे बांधावयाच्या होत्या, दोन माझगाव गोदीत. आणखी दोन घेण्याचा विचार सुरू असताना १९८७ च्या प्रारंभी बॉनमधील भारतीय राजदूतांची तार दिल्लीस आली. कंपनी किंमत उतरविण्यास तयार नव्हती, कारण तीत सात टक्के दलाली धरलेली होती. संरक्षण खरेदीत मध्यस्थ नकोत, असे राजीव गांधी सरकारचे जाहीर धोरण असताना! संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी ९ एप्रिलला चौकशी जाहीर केली व १२ एप्रिलला राजीनामा दिला. १६ एप्रिलला स्वीडिश नभोवाणीने बोफोर्सचे वृत्त दिले आणि पाणबुड्या मागे पडल्या.

हा पैसा पक्षनिधीत गेला, असे तेव्हा अनेकांनी गृहीत धरले. संशयास पार्श्वभूमी होती. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर १९६९ मध्ये आलेली बंदी १९८५ मध्ये उठली. मधल्या काळात निवडणुकांचा खर्च काही थांबला नव्हता, आणि करार झाला तो याच काळात. तथापि काळाचा मेळ बसणे म्हणजे पुरावा नव्हे. दलाली ठरणे, ती कुणास मिळणे आणि पक्षापर्यंत पोहोचणे या तीन निराळ्या बाबी होत. तार केवळ पहिलीविषयी सांगते.

१९८९ च्या लोकसभा निवडणुकीत दलाली हा प्रमुख प्रचारमुद्दा होता. उपनगरांपुरते पाहिल्यास उत्तर मुंबईतून राम नाईक व ईशान्य मुंबईतून जयवंतीबेन मेहता हे भाजपचे उमेदवार विजयी झाले. वायव्य मुंबई मात्र काँग्रेसच्या सुनील दत्त यांनी राखली. हे निकाल एकट्या दलालीच्या मुद्द्याने उलगडत नाहीत.

खरी झळ गोदीला बसली. ‘शाल्की’ १९९२ मध्ये व ‘शंकुल’ १९९४ मध्ये नौदलात दाखल झाली. वाढीव दोन पाणबुड्यांचा विचार तोवर बारगळला होता. पाणबुडीच्या कवचाचे जोडकाम हे हातात मुरणारे कसब आहे, ते कामाविना टिकत नाही. नवा करार २००५ मध्ये फ्रेंच बनावटीच्या सहा पाणबुड्यांसाठी झाला. ‘शंकुल’नंतर मुंबईत बांधलेली पुढची पाणबुडी, ‘कलवरी’, नौदलात येण्यास डिसेंबर २०१७ उजाडला.