सप्रे कुठल्या कपाटात?

रायपूरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. पुस्तकं लावायच्या ड्युईच्या दशांश पद्धतीत हिंदी साहित्य ८९१.४३ आणि मराठी ८९१.४६. पुस्तकाच्या पाठीवर चिठ्ठी एकच लागते, त्यामुळे कुठे तरी बसवावंच लागतं.

माधवराव सप्रे मात्र बसत नाहीत. १८७१ चा जन्म, घरची भाषा मराठी. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढलं. जोडीला रामराव चिंचोलकर आणि ज्यांच्या नावाचं लाखेनगर आजही रायपुरात आहे ते वामनराव लाखे. तिघेही मराठी, मासिक हिंदी! त्यातच १९०१ साली आलेल्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ला हिंदीतली पहिली कथा मानणारे पुष्कळ आहेत. पुढे टिळकांचं गीतारहस्य सप्र्यांनीच हिंदीत नेलं. दासबोधही नेला. आणि ड्युईचा नियम काय, तर अनुवादित साहित्य मूळ भाषेत लावावं. म्हणजे दासबोध साहित्य म्हणून धरला, तर सप्र्यांची ती हिंदी मराठीच्या कपाटात!

माझ्या मते यात सप्र्यांचा घोळ काहीच नाही. मराठी इकडे त्यांच्या आधीच आली होती: नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी १७५८ पासून छत्तीसगडात रतनपूरला राज्य करत होते. इंग्रजांनी १८१८ नंतर कारभार रायपूरला आणला. पुढे मध्यप्रांताची राजधानी नागपूर. एकाच सरकारात दोन्ही भाषा नांदत होत्या. १९५६ साली भाषावार वाटणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. सप्रे १९२६ लाच रायपुरात वारले होते. आपण मागाहून आखलेल्या रकान्यात त्यांना शोधतो.

कवी मुक्तिबोधांच्या घरात तर सख्खे भाऊच वाटले गेले. राजनांदगावला शिकवणारे गजानन माधव हिंदीत, शरच्चंद्र मराठीत.

ग्रंथालयाच्या सूचीतल्या जुन्या कार्डांची एक सोय होती, कॉम्प्युटरवाल्यांना ती सांगून पटत नाही. पुस्तक एकाच जागी राहतं, कार्डं हवी तितकी करा. लेखकाचं, अनुवादकाचं, विषयाचं. अनुवादक म्हणून ‘सप्रे’ लिहिलेलं कार्ड मी प्रत्येक वेळी करायचो. वरिष्ठ म्हणत, वेळ फुकट घालवता. पण ‘स’चा खण ओढला की गीतारहस्य, दासबोध, कथा, सगळं एका जागी हाताला लागायचं, आणि हिंदी एम.ए.ची मुलं विचारायची, “सर, ये मराठी थे क्या?”