तालुक्याचे शहर : ना गाव, ना मुंबई

‘खेडी सोडा, शहराकडे चला’ हे सांगणे आपल्या समाजात तीन पिढ्या घराघरात ऐकले गेले. आजोबांनी ते ऐकले आणि गाठोडे उचलून मुंबई गाठली. आज त्यांचा नातू घोडेगावच्या नाहीतर मंचरच्या एसटी स्थानकावर उभा राहून विचारतो, आता नेमके कोणत्या शहराकडे जायचे? पुण्यात कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा, चाकणच्या कंपनीत कंत्राटावर लागायचे, की तालुक्याच्या ठिकाणीच दुकान, नोकरी, वकिली करून राहायचे?

‘गावची माती’ म्हणून गळा काढणारे आणि ‘पुण्याशिवाय भविष्य नाही’ म्हणणारे, दोघेही या प्रश्नाचे उत्तर इतिहास न पाहता देतात. म्हणून आम्ही तो इतिहासाच्या बाजूने मांडत आहोत. उदाहरणासाठी फार लांब जायची गरज नाही. डिंभे, घोडेगाव, मंचर, नारायणगाव, जुन्नर हा पट्टा पुरेसा आहे.

बाबासाहेबांचा आक्षेप नेमका कशावर होता?

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी खेड्याचे उदात्तीकरण करणाऱ्यांना सडेतोड उत्तर दिले. खेडे म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर, असा त्या मांडणीचा आशय होता. हे विधान अनेकांना झोंबते, पण त्यामागचे वीस वर्षांचे काम कोणी पाहत नाही. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. वतन म्हणजे चोवीस तास बांधलेली चाकरी. सरकारी कामही करायचे, पाटलाचेही करायचे, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन आणि गावाच्या मर्जीवरचे बलुते. १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली, तेव्हा अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींची मागणी ठरावाने केली गेली. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले.

या सगळ्यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, ज्याच्याशी भांडण त्याच्याच हातात आपली भाकरी. दुसरी, वस्तीच्या जागेवरूनच जात ठरलेली. तिसरी, दाद मागायची ती त्याच पाटील-पंचांकडे. बाबासाहेबांचा आक्षेप लोकसंख्या कमी असण्यावर किंवा रस्ता कच्चा असण्यावर नव्हता, तो या तीन गोष्टींवर होता. म्हणून एखाद्या जागेला ‘शहर’ म्हणायचे की नाही, हे तपासण्याची आपली फूटपट्टीही हीच हवी. रोजगार कोणाच्या हातात आहे? राहायची जागा कोण ठरवते? आणि अन्याय झाला तर दार कोणाचे ठोठवायचे?

महानगराने काय दिले, काय दिले नाही

या फूटपट्टीवर मुंबई पहिल्या क्रमांकावर होती यात शंका नाही. रोख पगार, गर्दीत हरवलेली ओळख, छापखाने, सभागृहे, युनियन हे सारे मुंबईने दिले. ‘मूकनायक’ १९२० साली आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली तिथूनच निघाले. सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ साली तिथेच उभे राहिले. १९७२ साली दलित पँथर तिथेच जन्मली. पँथरचे नामदेव ढसाळ आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातल्या पूरचे, आणि ‘बलुतं’ लिहिणारे दया पवार जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. याच डोंगरपट्ट्यातले लोक मुंबईत जाऊन बोलते झाले.

पण मुंबईने जात पुसली, असे म्हणणे खोटे आहे. कापड गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ इतर कामगारांना चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला. त्याआधी १९१७ साली बडोद्यासारख्या राजधानीच्या शहरात, परदेशातून शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून त्यांना बाहेर काढले गेले. आणि ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्या दहा जणांचा गोळीबारात बळी गेला. ती वस्ती कुठल्या खेड्यातली नव्हती. महानगरात ओळख लपते, पण घर भाड्याने घेताना, वस्तीत पाणी येताना, पोलिसांची बंदूक वळताना ती पुन्हा सापडते.

लढाया कुठे झाल्या?

आता एक गोष्ट नीट पाहा. आपल्या चळवळीच्या तारखा पाठ असतात, पण त्या तारखांची गावे कोणती हे आपण लक्षात घेत नाही. महाड, १९ आणि २० मार्च १९२७. येवला, १३ ऑक्टोबर १९३५. मनमाड, फेब्रुवारी १९३८, जिथे रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. ही तिन्ही छोटी शहरे आहेत.

हा योगायोग नाही. महाडला नगरपालिका होती. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करणारा ठराव १९२३ साली मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला होता आणि त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. खेड्यातल्या विहिरीबद्दल असा लेखी ठराव दाखवणे अवघड होते. तळे सार्वजनिक आहे असे कागदावर होते, म्हणूनच ते पाणी पिणे हा हक्क म्हणून मांडता आला. मनमाडला रेल्वे होती. पगार रेल्वे देत होती, पाटील नव्हे, म्हणून तिथे कामगार म्हणून परिषद भरवता आली.

पण त्याच महाडने छोट्या शहराची दुसरी बाजूही दाखवली. पाणी प्यायल्यानंतर वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी अफवा उठली आणि तासा-दोन तासांत सगळे शहर काठ्या घेऊन उभे राहिले. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, शेवटी फत्तेखान या मुस्लिम गृहस्थाने आपली जागा दिली. व्यापाऱ्यांनी माल द्यायचे नाकारल्यामुळे धान्य बाहेरून आणावे लागले. मुंबईचा सगळा बाजार एका रात्रीत एक होऊ शकत नाही, महाडचा होऊ शकतो. तळ्याच्या खटल्याचा अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला तो १९३७ साली, उच्च न्यायालयात, म्हणजे पुन्हा मुंबईतच.

छोट्या शहराचा सारा हिशोब या एका उदाहरणात आहे. तिथे हक्काचा कागद तयार होतो, आणि तिथेच तो फाडणारा जमावही एकमेकांना नावाने ओळखतो.

डिंभे, घोडेगाव, नारायणगाव

आता आमच्या पट्ट्याकडे वळू. घोड नदीवरचे डिंभे धरण कुकडी प्रकल्पाचा भाग आहे. ज्या आंबेगावच्या नावाने तालुका ओळखला जातो ते मूळ गाव याच जलाशयाखाली गेले. पश्चिमेकडची जी गावे उठली ती प्रामुख्याने महादेव कोळी आणि इतर आदिवासींची. पाणी कालव्यांनी पूर्वेकडे गेले, तिकडे बागायत पिकली. ज्यांची जमीन बुडाली त्यांतले काही वर डोंगरात सरकले, काही मजुरीला बाहेर पडले. जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनू यांचे आहे. तेही याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे, पोटासाठी मुंबईच्या गिरणीत गेलेले, आणि १२ डिसेंबर १९३० रोजी विदेशी कापडाच्या ट्रकखाली प्राण दिलेले. गाव सोडणे हे नेहमी आपण निवडलेले नसते, हे डिंभ्याने शिकवले.

डिंभ्याने आणखी एक गोष्ट शिकवली. जे मागे राहिले त्यांनी पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीचा हक्क मागितला, जलाशयातल्या मासेमारीसाठी स्वतःची सहकारी संस्था उभी केली. या कामात ‘शाश्वत’ या संस्थेची साथ होती आणि २०१२ साली त्या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मासे धरणात, पण संस्थेची नोंदणी, गाळपेरीचे अर्ज, अधिकाऱ्यांसमोरचे धरणे यांसाठी कार्यालयांच्या गावालाच यावे लागते. तहसील घोडेगावला, एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगावला. तालुक्याचे शहर म्हणजे ती जागा, जिथे डोंगरातला माणूस एका दिवसात जाऊन परत येऊ शकतो आणि तरीही गावच्या पंचांना न विचारता सरकारशी बोलू शकतो. हे अंतर किती जीवघेणे असते ते ३० जुलै २०१४ रोजी माळीणने दाखवले. दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली आणि बाहेरच्या जगाला कळले ते एसटीच्या चालकाला रस्त्यावरून गाव दिसेना तेव्हा.

नारायणगावचे उदाहरण वेगळे आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रेचे पंच येऊन सुपारी ठरवतात. ज्या कलावंतांना गावाने हुकूम करून नाचवले, त्यांच्याकडे इथे गाव येते, आणि भाव बोलून ठरतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावाचे नाव घेऊन देशभर गेल्या, १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवल्या गेल्या. आणि २००२ साली गेल्या त्या हलाखीत. बाजाराने त्यांना किंमत दिली, सुरक्षितता दिली नाही. सुरक्षितता बाजार देत नसतो, ती संघटना आणि कायदा देतात. तालुक्याच्या शहरात नेमक्या या दोनच गोष्टी अपुऱ्या पडतात.

जुन्नर तर दोन हजार वर्षांपूर्वीचे छोटे शहर. नाणेघाटातून कल्याणच्या बंदराकडे जाणारा व्यापार इथून होत होता. भोवतालच्या डोंगरांत दीडशेहून अधिक लेणी आहेत, ती बौद्ध संघासाठी कोरलेली. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची टाकी दान दिल्याचा शिलालेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे संघासाठी ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. यवन दात्यांचीही नावे आहेत. त्या काळच्या कारागिरांना आजच्या जातींच्या खणात बसवणे चूक ठरेल. पण एवढे नक्की की या शहरात हाताने काम करणारे लोक संघटित होते, पैशाच्या व्यवहारात विश्वासाचे मानले जात होते आणि त्यांचा उल्लेख दगडावर कोरला जात होता. छोटे शहर म्हणजे आपोआप मागासपणा, असे म्हणणाऱ्याने एकदा हे शिलालेख पाहावेत.

हिशोब

आता दोन्ही बाजू समोर ठेवू. तालुक्याच्या शहरात खोलीचे भाडे परवडते, आई-वडिलांकडे आठवड्याला जाता येते, उपजिल्हा रुग्णालय, न्यायालय, महाविद्यालय हाताशी असते. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ‘नगर पंचायत’ ही संकल्पना आणली ती ग्रामीण भागातून नागरी होत असलेल्या अशाच मधल्या जागांसाठी, आणि तिथे अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा दिल्या. शे-दोनशे मतांनी वॉर्ड फिरतो, तिथे आपली वस्ती निर्णायक ठरू शकते. पुण्यात आपण त्या गर्दीत विरघळतो.

दुसरी बाजूही तितकीच खरी. आडनाव सांगितले की गाव कळते, गाव कळले की वस्ती कळते. पतसंस्था, बाजार समिती, कारखाना, शिक्षणसंस्था यांवर बहुधा त्याच घराण्यांचा ताबा असतो ज्यांचा गावावर होता, म्हणजे पाटीलकी संचालक मंडळात बसते. ज्याच्याविरुद्ध ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायची त्याच्याच गाळ्यात आपले दुकान असते. आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याला चार दिवस लपायला जागा नसते. मुलींना तर अभ्यासिकेत उशिरापर्यंत बसले तरी कोणी तरी घरी जाऊन सांगतो.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. ज्याला शिकायचे आहे, ज्याच्या जिवाला धोका आहे, ज्या मुलीला श्वास घ्यायचा आहे, त्यांनी बेधडक मोठ्या शहरात जावे, मागे वळून पाहण्याचे कोणतेही ओझे त्यांच्यावर नको. पण शिकून वकील, डॉक्टर, शिक्षक, अभियंता झालेल्यांतल्या काहींनी तरी मंचर, घोडेगाव, जुन्नरला परत यावे. तिथे नुसते राहणे पुरेसे नाही. आपली अभ्यासिका, आपल्या मालकीचे दोन गाळे, आपली पतसंस्था, मुलींचे एक वसतिगृह, न्यायालयात आपला एक वकील, एवढे असेल तर तालुक्याचा बाजार महाडसारखा एक झाला तरी आपले दुकान बंद पडणार नाही. आदिवासी बांधवांशी यात भागीदारी हवी, कारण घोडेगावच्या कार्यालयाच्या रांगेत ते आणि आपण एकाच ठिकाणी उभे असतो.

बाबासाहेबांनी शहराकडे बोट दाखवले ते भाकरी, घर आणि न्याय या तिन्ही गोष्टी पाटलाच्या हातून सुटाव्यात म्हणून. घोडेगाव-मंचरमध्ये त्या अर्ध्या सुटल्या आहेत. उरलेल्या अर्ध्या सोडवायला तिथे राहणारी माणसे लागतील. येत्या नगर पंचायत निवडणुकीआधी प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्याच्या ठिकाणी आपले किती वकील आहेत, किती गाळे आहेत, किती अभ्यासिका आहेत याची साधी यादी करावी. कामाला सुरुवात तिथून होईल.

जयभीम!